नस सापडत नाही तेव्हा

शाबान संपत आला होता. रमजानच्या आधीची साफसफाई चालू होती. अम्मीच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला, तर उशीखालून घडी घातलेले दोन कागद निघाले. रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या होत्या. एक त्या महिन्याची, एक आदल्या महिन्याची. दोन्हींवर डॉक्टरांची सही होती, पण तपासणी झाल्याची खूण कुठेच नव्हती.

अम्मीच्या हृदयात गेली अकरा वर्षं धातूची कृत्रिम झडप आहे. लहानपणी अंगावर काढलेल्या सांधेतापाने मूळची झडप हळूहळू खराब झाली होती. कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. गोळीचं प्रमाण बरोबर आहे की नाही, हे कळायला महिन्याला एकदा आयएनआर ही तपासणी करावी लागते. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्त वाहण्याची. अम्मीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी शाळेतून आल्यावर विचारायचे, "अम्मी, लॅब में जाके आए क्या?" ती म्हणायची, "हो, आई जाके. सब बराबर है." माझा विश्वास बसायचा, कारण अम्मी खोटं बोलेल हे मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

कागद हातात घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. रागावणारच होते. तिने काही न बोलता दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात माझ्यापुढे धरले. "नक्को बेटा. अब मेरे हाथ में नस बाकीच नहीं. वो लोगां ढूंढते रहते, मैं दुआ पढते रहती." कोपराच्या आतल्या बाजूला जुन्या टोचण्यांच्या बारीक कडक गाठी होत्या. त्या मला माहीत होत्या. पण दंडावर आणि पोटरीवर ताजे जांभळे डाग होते. सुई तर दोन महिने लागलीच नव्हती. मग हे डाग कसले?

त्याच संध्याकाळी तपासणी केली. आकडा सहाच्या पुढे गेला होता. डॉक्टरांनी गोळी थांबवून तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. अल्लाहचा शुक्र, डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला नव्हता. सुईच्या भीतीने टाळलेल्या दोन तपासण्या आमच्या घराला केवढ्यात पडल्या असत्या, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं तेव्हा माझे हात थंड पडले.

वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या. सुई लावायला आल्या आणि आधी स्टूल ओढून अम्मीच्या शेजारी बसल्या. दोन्ही हात नीट पाहिले. मग विचारलं, "आजी, तुमचं रक्त नेहमी कुठून मिळतं?" अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताच्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवलं. सिस्टरनी तिथेच बोटाने चाचपलं आणि एका टोचण्यात काम झालं. अकरा वर्षांत हा प्रश्न अम्मीला कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. वर्गात "न समजलं तर हात वर करा, बोला" असं मी मुलांना दिवसातून दहा वेळा सांगते. लॅबच्या खुर्चीशेजारी मात्र अकरा वर्षं मुकाट उभी होते.

आपल्या घराघरांत असा एक तरी हात असतो. कुणाच्या दादीचा, कुणाच्या केमो चालू असलेल्या खालाचा, कुणाच्या डायलिसिसवरच्या चाचांचा. म्हणून या महिन्याचा लेख या नाजूक शिरांसाठी.

शीर नाजूक का होते

विज्ञानाच्या पुस्तकात रोहिणी आणि शिरा असे दोन शब्द येतात. रोहिण्या हृदयाकडून रक्त आणतात, त्या खोल असतात आणि त्यांच्या भिंती जाड असतात. शिरा रक्त परत नेतात, त्या कातडीजवळ असतात आणि त्यांच्या भिंती पातळ असतात. दंडाला पट्टा बांधला की वरच्या शिरा दाबल्या जातात, पण खोलवरच्या रोहिणीतून रक्त येतच राहतं. येणारं रक्त परत जाऊ शकत नाही, म्हणून शीर फुगते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ साली छापलेल्या ग्रंथात असाच पट्टा बांधलेल्या हाताची चित्रं देऊन रक्ताभिसरण समजावून सांगितलं होतं. त्याच्या जवळपास चारशे वर्षं आधी दमास्कसचे हकीम इब्न अल-नफीस यांनी हृदयातून फुप्फुसाकडे जाणारा रक्ताचा मार्ग लिहून ठेवला होता. लॅबमधला रबरी पट्टा हे त्याच ज्ञानाचं रोजचं रूप.

वय वाढलं की कातडी पातळ होते, तिच्याखालची चरबी कमी होते आणि शिरेला धरून ठेवणारा आधार सुटतो. मग सुई लागताच शीर बाजूला सरकते, किंवा सुई आत जाऊन पलीकडून बाहेर निघते आणि तिथे रक्त साचून फुगा येतो. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही कातडी आणि शिरा कमकुवत होतात. केमोची काही औषधं शिरेच्या आतल्या अस्तराला जाळतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथे व्रण धरतो आणि शीर दोरीसारखी कडक होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने शीर नाजूक होत नाही, पण तिला पडलेलं छोटं भोक लवकर बुजत नाही, म्हणून डाग मोठा दिसतो. आणि पाणी कमी प्यायलेल्या, थंडीने गारठलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाच्या चांगल्या शिराही आक्रसून आत जातात. यातली शेवटची तीन कारणं आपल्या हातातली आहेत.

"तुमच्या नसाच खराब आहेत" असं कुणी म्हणालं की पेशंटला वाटतं, आपलीच चूक आहे. अम्मी तर लॅबवाल्या मुलाची माफी मागायची. वयाने किंवा आजाराने शरीर बदलतं, त्यात माफी मागण्यासारखं काही नाही.

घरातून निघण्याआधी

सर्वात मोठा गैरसमज "उपाशीपोटी या" या दोन शब्दांचा आहे. साखर किंवा चरबीच्या तपासणीसाठी उपाशी राहायचं म्हणजे खायचं नाही, चहा-दूध घ्यायचं नाही. साधं पाणी चालतं. आपल्याकडे माणसं रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि सकाळी सुकलेल्या शिरा घेऊन लॅबमध्ये पोहोचतात. आदल्या दिवशी नीट पाणी प्या आणि निघायच्या तासभर आधी एक-दोन पेले घ्या. ऑपरेशनच्या आधी पाणीही बंद करायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. हृदय किंवा किडनीच्या पेशंटला पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल, तर जास्तीचं पाणी पिऊ नका. ठरवून दिलेल्या पाण्यातलं थोडं त्या वेळेसाठी राखून ठेवा. आयएनआरला आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नसते. तेवढीच तपासणी असेल तर सहसा नाश्ता करून जाता येतं. लॅबला आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट ऊब. थंडीत शिरा आत ओढल्या जातात, उबेत वर येतात. हात शालीत गुंडाळून न्या. जमलं तर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पाच-दहा मिनिटं हातावर ठेवा. टॉवेल आधी आपल्या मनगटाला लावून पाहा. म्हाताऱ्या माणसांना आणि जुन्या मधुमेहींना चटका लवकर जाणवत नाही. रिक्षात बसताना आणि बाकावर वाट पाहताना हात मांडीवर न ठेवता खाली सोडा. खाली सोडलेल्या हातात रक्त भरतं.

कपड्यांचाही विचार करा. घट्ट बाही जोर लावून कोपराच्या वर सरकवली की ती स्वतःच एक पट्टा होते आणि कातडीला ओढ बसते. सैल बाहीचा कुर्ता घाला, बुरख्याची बाहीही सैल असू द्या. बांगड्या घरीच काढून ठेवा. बाईकडूनच रक्त द्यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबलाही असं सांगता येतं. सांगितलं तर बऱ्याचदा सोय होते. आणि एक बारीक गोष्ट. दवाखान्यात दाखल व्हायचं ठरलेलं असेल तर ज्या हाताला सलाईन लागण्याची शक्यता आहे, त्यावर गडद मेहंदी काढू नका. मेहंदीखाली शीर दिसत नाही, आणि सुईच्या जागी लाली आली तर तीही दिसत नाही.

सुईच्या खुर्चीवर

आता महत्त्वाचा भाग, बोलण्याचा. सुई उघडण्याच्या आधी तीन गोष्टी सांगायच्या. अम्मीने त्या पाठ केल्या आहेत: "माझ्या नसा नाजूक आहेत. मी रक्त पातळ करायची गोळी घेते. मागच्या वेळी इथून मिळालं होतं." एवढं ऐकलं की समोरचा माणूसही सावध होतो, बारीक सुई शोधतो, घाई कमी करतो. दिवसाला शेकडो हात पाहणाऱ्या त्या मुलाला आपला हात वेगळा आहे हे आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

बसायला नीट जागा मागा. चक्कर येत असेल तर झोपून रक्त देता येतं. पट्टा उघड्या कातडीवर नको, बाहीवरून किंवा पातळ कपड्यावरून बांधायला सांगा. नाजूक शिरांना पट्टा सैलसरच हवा. करकचून बांधलेल्या पट्ट्याने शीर तट्ट फुगते आणि सुई लागताच फुटते. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवू नये, असा लॅबचाच नियम आहे. शीर शोधायला वेळ लागत असेल तर पट्टा सोडून थोड्या वेळाने पुन्हा बांधायचा असतो. शीर वर यावी म्हणून हातावर चापट्या मारतात, त्या नाजूक हाताला नकोत. बोटांनी हलकेच चोळणं पुरतं. मूठ जोरजोरात उघडझाप करायची सवय आपल्याला लागलेली आहे. त्याने रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढून येऊ शकतो. मूठ नुसती मिटून ठेवावी.

दिसणारी निळी शीर चांगलीच असते असं नाही. बोटाने दाबली की दबते आणि सोडली की उसळते, ती चांगली. म्हणून चांगला तंत्रज्ञ डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवतो. सरकणाऱ्या शिरेसाठी तो अंगठ्याने खालची कातडी हलकेच ताणून धरतो. बारीक सुईला दोन पंख असलेली नळीची सुई मिळते, तिला फुलपाखरू म्हणजे बटरफ्लाय सुई म्हणतात. नाजूक शिरेसाठी ती सोयीची. निर्वात ट्यूब रक्त जोराने ओढते, त्यामुळे पातळ शीर मिटून जाऊ शकते. अशा वेळी छोटी ट्यूब वापरतात किंवा सिरिंजने सावकाश ओढतात. आयएनआरच्या निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये औषध आधीच असतं, त्यामुळे ती खुणेपर्यंत भरावीच लागते. अर्धवट भरली तर आकडा चुकतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "पुन्हा रक्त द्यायला या." म्हणून ट्यूब भरली का, एवढं पाहायला हरकत नाही. बोटाच्या एका थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं यंत्रही असतं. ते सगळीकडे नसतं आणि त्याच्या पट्ट्या महाग पडतात, पण ज्यांच्या शिरा अगदीच संपल्यासारख्या झाल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं.

दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर थांबायचं. नर्सिंगची चांगली शिस्त हीच सांगते की एकाने दोनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत, दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवावं. सुई आत ठेवून इकडेतिकडे शोधत राहणं तर मुळीच नको. हे सांगताना भांडायची गरज नसते. "दादा, दोनदा झालं. अम्मीला जरा बसू दे, पाणी पिऊ दे, मग मोठ्या सिस्टरना बोलवू या का?" एवढंच म्हणायचं. हे शब्द पहिल्यांदा उच्चारताना माझाही आवाज कापला होता. त्या मुलाने मान वर केली आणि म्हणाला, "बरं झालं मॅडम बोललात, मलाही टेन्शन आलं होतं."

सुई निघाल्यावर

काळानिळा डाग बहुतेक वेळा सुईने कमी आणि नंतरच्या दोन मिनिटांत जास्त पडतो. कापूस ठेवून हात कोपरात दुमडायचा, ही आपल्या सगळ्यांची सवय. दुमडल्याने भोकावर सरळ दाब पडत नाही. हात सरळ ठेवून, थोडा उंच धरून, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी घट्ट दाबायचं. चोळायचं नाही. सर्वसाधारण माणसाने दोन-तीन मिनिटं, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने घड्याळ लावून निदान पाच मिनिटं, आणि मग कापूस उचलून पाहायचं. रक्त दिसलं तर पुन्हा तितकंच. त्या हाताने त्या दिवशी भाजीची पिशवी उचलायची नाही, पाण्याची बादली तर नाहीच.

डाग पडलाच तर पहिल्या दिवशी कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, आणि एक-दोन दिवसांनंतर कोमट शेक. डाग वाढत चालला, हात सुजला, बोटं बधिर झाली किंवा दुखणं थांबेना, तर डॉक्टरांना दाखवायचं. चिकटपट्टी ओरबाडून काढताना म्हाताऱ्या माणसाची कातडीच निघून येते. त्यांच्यासाठी कागदी पट्टी मागा, किंवा पट्टीऐवजी सुती पट्टा सैल गुंडाळा. चिकटलेली पट्टी खोबरेल तेलाचं बोट फिरवून सोडवली की सहज निघते.

सलाईन लागलेला हात

हातात ठेवायच्या प्लॅस्टिकच्या नळीला कॅन्युला म्हणतात. तिचा रंग तिची जाडी सांगतो. हिरवी जाड, गुलाबी तिच्याहून बारीक, निळी आणखी बारीक आणि पिवळी सर्वात बारीक. नाजूक शिरेला शक्यतो निळी किंवा पिवळी लावतात. ऑपरेशनच्या वेळी किंवा रक्त चढवताना डॉक्टरांना जाड नळी हवी असते, तिथे हट्ट करू नये. कोपर किंवा मनगट वाकतं तिथे लावलेली नळी लवकर बिघडते. हाताच्या सपाट भागात लावली तर ती जास्त टिकते.

नातेवाइकाचं खरं काम नळी लागल्यावर सुरू होतं. रात्री झोपेत सलाईन शिरेबाहेर जातं आणि सकाळी हात फुग्यासारखा दिसतो, हे कितीतरी घरांनी पाहिलेलं आहे. दर थोड्या वेळाने हात पाहा. सुईभोवती सूज, ताण, थंडपणा, जळजळ, ओली पट्टी, शिरेच्या रेषेत लाली, यांतलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरना बोलवा. थेंबांचा वेग आपण वाढवायचा-कमी करायचा नाही, आणि स्वतःच्या मनाने शेकही द्यायचा नाही. औषधाप्रमाणे गरम की गार हे ठरतं. "थोडं सहन करा" असं पेशंटला सांगू नका. तो कुरकुरत असेल तर ती खबर आहे. केमोच्या काही औषधांचा थेंब शिरेबाहेर गेला तरी आतलं मांस जळू शकतं. तिथे एका मिनिटाचाही उशीर नको.

ज्या हाताला सुई नको

माझ्या खालाचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्या बाजूच्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो लावू नका, असं तिला सांगण्यात आलं, कारण त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. केमोच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दुसऱ्या हाताच्या शिराही काळवंडल्या. मग डॉक्टरांनी छातीच्या कातडीखाली पोर्ट नावाची छोटी डबी बसवली. औषध त्यातून जातं, हात मोकळे राहतात. दंडातून मोठ्या शिरेपर्यंत जाणारी लांब नळी हाही एक पर्याय असतो. खाला म्हणते, "पहिल्याच फेरीला विचारलं असतं तर माझे हात वाचले असते." ज्यांना महिनोन् महिने औषध शिरेतून घ्यायचं आहे, त्यांनी हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा.

किडनीच्या पेशंटची गोष्ट आणखी वेगळी. डायलिसिससाठी हातातली शीर आणि रोहिणी जोडून फिस्टुला तयार करतात. त्या हाताला सुई नाही, बीपी नाही, घट्ट बांगडी किंवा घड्याळही नाही. पण ज्यांची किडनी हळूहळू कमकुवत होते आहे आणि डायलिसिस अजून दूर आहे, त्यांनीही आजपासूनच शिरा जपायच्या असतात. रक्त शक्यतो हाताच्या पाठीवरून द्यायचं आणि मनगट ते कोपर हा भाग राखून ठेवायचा. उद्याचा फिस्टुला तिथेच होणार असतो. हे अनेक घरांना फार उशिरा कळतं.

रोजा, वुजू आणि सुई

अम्मी दवाखान्यातून आली आणि चार दिवसांनी चाँद दिसला. तिचा पहिला प्रश्न होता, रोज्यात रक्त दिलं तर रोजा तुटतो का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली जिद्द्याच्या बैठकीत ठरवलं की तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, आणि कातडीतलं, स्नायूतलं किंवा शिरेतलं औषधी इंजेक्शनही रोजा तोडत नाही. पोषण देणारं सलाईन मात्र यातून वेगळं काढलेलं आहे. पण मसला सुटला तरी शीर सुटत नाही. दुपारभर पाण्याविना राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर मिळणं कठीण. म्हणून रमजानमधली ठरावीक तपासणी इफ्तारनंतर, पाणी पिऊन, रात्री उघड्या असणाऱ्या लॅबमध्ये करता येते का पाहा. आणि ज्यांना डॉक्टरांनी रोज्याची मनाई केली आहे, त्यांना कुराणाने दिलेली सवलत ही अल्लाहची मेहरबानी आहे. ती नाकारण्यात परहेजगारी नाही.

दुसरा प्रश्न वुजूचा. हनफी मतानुसार रक्त वाहून निघालं की वुजू जातो, शाफई मतानुसार जात नाही. म्हणून सोलापूरच्या घरात आणि रत्नागिरीच्या घरात उत्तर वेगळं मिळेल, त्यावर वाद नको. कॅन्युला लावलेल्या हाताबद्दल मात्र सगळ्यांनी सावध राहावं. वुजूच्या पाण्याने पट्टी भिजली की जंतूंना वाट मिळते. शरीअतमध्ये पट्टीवर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, आणि तयम्मुमची सोय आहे. आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारून घ्या आणि पट्टी कोरडी ठेवा.

अमानत

आता अम्मीच्या औषधांच्या डब्यात एक छोटी वही असते. माझ्या मुलाची उरलेली शंभर पानी. तारीख, कोणता हात, कोणती जागा, किती वेळा टोचलं, कोणत्या सिस्टर होत्या. मागच्या वेळी डावा असेल तर या वेळी उजवा, म्हणजे प्रत्येक शिरेला विश्रांती मिळते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि उर्दूत लिहिलं आहे की ही बाई रक्त पातळ करणारी गोळी घेते. रात्री-बेरात्री दुसऱ्याच कुणाला तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तर वही बोलेल.

सगळं जुळून येतंच असं नाही. मागच्या महिन्यात पाणी पिऊन, हात शेकून, सगळं सांगूनही पहिल्या टोचण्यात शीर सरकली. अम्मीचे ओठ हलत होते. तिने डोळे उघडले आणि त्या मुलाला म्हणाली, "बेटा, जरा पट्टा ढीला कर, फिर देख." त्याने सैल केला. दुसऱ्या वेळी रक्त आलं. संध्याकाळी आकडा आला, दोन पूर्णांक नऊ. घरी येऊन तिने स्वतः वही मागितली आणि उर्दूत लिहिलं: उजवा हात, दोनदा.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या अमानतीत या बारीक, निळ्या, सरकणाऱ्या शिराही येतात. तुमच्या घरात असा हात असेल तर आज त्याच्याशेजारी जरा बसा आणि विचारा, "नेहमी कुठून मिळतं?" तपासणी टाळलेली असेल तर तेही तेव्हाच कळेल. आणि त्या वेळी रागावू नका.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आणि त्यांचा हात धरणाऱ्यांना सब्र. आमीन.